आत्याचं शून्य

आमच्या घरात दिवे लावण्यावरून रोज खटके उडायचे. आत्या कामावरून आली की आधी बैठकीच्या खोलीतला दिवा मालवायची, मग स्वयंपाकघरातला, आणि खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसायची. आई ओरडायची, “अहो वन्सं, मला कांदा दिसेना झालाय. बोट कापेन एखाद्या दिवशी.” त्यावर आत्या म्हणायची, “कापा खुशाल, वहिनी. शोधून देते मी.” आणि तिने दिलंही असतं. अंधारात सुईत दोरा ओवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

ही माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. अंगाने काडी. जोराचा वारा सुटला की आई म्हणायची, वन्सं, खिशात दगड ठेवून जा. बायकांच्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, सोनोग्राफीच्या खोलीत तिची उमेदीची वर्षं गेली. त्या खोलीला खिडकी होती, पण काचेवर काळा कागद चिकटवलेला होता. येणाऱ्या बायका तिला ‘अंधारवाल्या बाई’ म्हणायच्या. अगदी तोंडावर म्हणायच्या, आणि ती ओ द्यायची.

सुट्टीच्या दुपारी तिला खुर्चीत डुलकी लागली की ती झोपेत कामाचं बोलायची. “श्वास घ्या.” मग जरा थांबून, “धरा.” मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग, “सोडा.” लहानपणी मी तिच्या पायाशी सतरंजीवर पडलेली असायचे आणि तिच्या हुकमाबरहुकूम श्वास घ्यायचे, धरायचे, सोडायचे. एकदा ती “धरा” म्हणाली आणि मान टाकून गाढ झोपली. “सोडा” आलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले, कानात शिट्टी वाजायला लागली, तरी मी सोडेना. शेवटी आईने पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे सुटला. घरात सगळे पोट धरून हसले. आत्या मात्र हसली नाही. मला जवळ ओढून बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तिचं काम काय, हे मला कळलं ते पुष्कळ उशिरा. गरोदर बायकांची सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला बाळ आठवतं. आत्या बाळ बघत नसे. तिच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचं संशोधन चाललं होतं ते लिव्हरवर. गरोदर बाईच्या लिव्हरमध्ये चरबी साचलेली असेल तर बाळंतपणावर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. शुगर वाढते का, बीपी चढतं का, बाळ दिवस भरायच्या आत येतं का. ही चरबी दारूने होते असं लोकांना वाटतं, पण एक थेंब न पिणाऱ्या बाईच्याही लिव्हरमध्ये ती साचते. दुखत नाही, खुपत नाही, ताकास तूर लागू देत नाही.

त्यामुळे आत्याच्या खोलीत रोज तोच प्रसंग. बाई झोपायची, पोट उघडं करायची आणि विचारायची, “बाळ कसं आहे हो?” आत्या फासळ्यांखाली मशिनचा दांडा, म्हणजे प्रोब, फिरवत म्हणायची, “मी वरच्या मजल्यावरची. बाळ खालच्या मजल्यावर राहतं. आमची ओळख नाही.”

निरोगी लिव्हर पडद्यावर राखाडी दिसतं, शेजारच्या किडनीच्या रंगाचं. चरबी साचत गेली की ते उजळायला लागतं. जितकी चरबी जास्त, तितकं पांढरं. आत्या त्याला शून्य ते तीन असे अंक द्यायची. शून्य म्हणजे स्वच्छ, तीन म्हणजे पडदाभर उजेड. नियमाप्रमाणे तिने रुग्णाला काहीही सांगायचं नव्हतं, पण शून्य दिसलं की तिच्या तोंडून एक शब्द जायचाच. “छान.” बाकी कुठल्याच अंकाला ती काही बोलत नसे. जेल पुसायला कापड द्यायची आणि पुढच्या बाईला हाक मारायची.

“आत कुठेही उजेड दिसला की मला धस्स होतं बघ,” असं ती एकदा मला म्हणाली. घरातले दिवे का मालवते, हे मला त्या दिवशी समजलं असं मला वाटलं. खरं म्हणजे अर्धंच समजलं होतं.

आता तिच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सवयीने केलं. संशोधन सुरू झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोलीतल्या सगळ्यांची लिव्हरं बघितली होती, गंमत म्हणून. आत्याचं लिव्हर बघून त्या म्हणाल्या, “बाई, पुस्तकात छापावं असं लिव्हर आहे तुमचं. रोज सकाळी पहिल्यांदा हेच बघत जा, म्हणजे दिवसभर डोळा मापात राहील.” झालं. त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी खोली उघडली की दार लावून घ्यायची, स्वतः कॉटवर पडायची, डाव्या हाताने पडदा आपल्याकडे वळवायची आणि उजव्या हाताने स्वतःच्या फासळ्यांखाली प्रोब लावायची. श्वास घ्यायची, धरायची, सोडायची. चित्र मशिनमध्ये साठवायची. त्याला नाव द्यायची ‘शून्य’. मग दार उघडून पहिली बाई आत घ्यायची. किडनीशी ताडून बघायचं असा मूळ नियम होता, आणि किडनी चित्रात यायचीही, पण दर वेळी तिच्याशी नीट ताडायला वेळ लागतो, आणि आत्याचा डोळा असा बसला होता की तिला ताडून बघायची गरज वाटेनाशी झाली. ती स्वतःच माप होती, आणि तिला त्याचा अभिमान होता. मशिन बिघडेल, मी नाही बिघडणार, असं म्हणायची.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर यायचा तिला कंटाळा. डोळे दिपतात म्हणायची. तिथेच अंधारात बसून गोड चहात बिस्किटं बुडवून खायची, पुडेच्या पुडे. अशी कितीतरी वर्षं.

मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे डोळ्यांचे खेळ मला थोडेफार कळतात. पहिला चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक कधीही “मला कमी दिसतं” असं म्हणत नाही. ते म्हणतं, हल्ली अक्षरं फार बारीक छापतात. हल्ली दिवे मंद झालेत. हल्ली लोक ओळख दाखवत नाहीत. समोर भिंग धरलं की गिऱ्हाईक दचकतं. काही जण तर भिंगावरच रागावतात. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि मी रोज संध्याकाळी आत्यासमोर बसून चहा पीत होते.

हॉस्पिटलच्या बाकांवर एक वावडी उठली. कुणी उठवली, माहीत नाही. अंधारवाल्या बाई ज्या बाईला ‘छान’ म्हणतात, तिचं पुढे बिनसतं.

आधी हसण्यावारी गेलं. एका शिक्षिकेला आत्या छान म्हणाली होती, तिचं बाळ आठव्या महिन्यात आलं. तिच्या जावेलाही छान म्हणाली, तिची शुगर इतकी वाढली की रोज सुई टोचायची वेळ आली. मग एका शिंपिणीला बीपीने झटके आले. बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, “तुला काय म्हणाल्या?” “काही नाही म्हणाल्या.” “सुटलीस बाई.” ज्यांना आत्या काहीच बोलली नाही, त्या हसत घरी जायला लागल्या. आणि एक दिवस एका बाईने कॉटवर पडल्या पडल्या आत्याचं मनगट धरलं.

“बाई, काय दिसेल ते दिसू दे. पण छान म्हणू नका. पाया पडते तुमच्या.”

आत्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली होती. “शिकल्यासवरल्या बायका! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, त्यात कावळ्याचा काय दोष?”

“मग म्हणालीस की नाही?” मी विचारलं.

“शून्य होतं. सवयीने तोंडातून गेलं.” तिने कप खाली ठेवला. “तिने असे डोळे मिटले ना, जसं काही मी तिला...” ती उठली आणि दिवा मालवला.

तिकडे डॉक्टरीणबाईही बुचकळ्यात पडल्या होत्या. पहिल्या वर्षी अंक कसे स्वच्छ आले होते. दोन आणि तीनवाल्या बायकांना त्रास जास्त, शून्यवाल्यांना कमी. पुढे पुढे तो फरक विरघळत गेला. आता शून्यवाल्या बायकाही तितक्याच आजारी पडत होत्या. गरोदरपणाच्या त्रासाशी लिव्हरच्या चरबीचा काही संबंध नाही, असं लिहायची वेळ त्यांच्यावर आली होती. त्या तसं लिहिणार होत्या. म्हणजे पुढे कुठल्याही गावातल्या कुठल्याही डॉक्टरने गरोदर बाईच्या लिव्हरकडे लक्ष द्यायचं कारणच उरलं नसतं.

लग्नानंतरही मी आणि नवरा आईकडेच राहत होतो, आणि त्याच सुमारास मला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा आत्याच म्हणाली, “ये एकदा. तुझंही बघून टाकू.” मी गेले. वावडी मला माहीत होती, आणि मी काही भित्री नाही, पण त्या खोलीचं दार मागे लागलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला हे खोटं कशाला सांगू. पडद्याच्या उजेडात आत्याचा चेहरा फक्त हनुवटीपासून वर दिसत होता. जेल कोमट होतं. ती बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. हात गार होता. आणि आवाज घरातला नव्हता.

“श्वास घ्या.”

मला, सख्ख्या भाचीला, ‘घ्या’. मी हसणार होते, पण हसू आलं नाही.

“धरा.”

मी धरला. पोटात बाळ वळलं आणि तेही थांबलं, असं मला वाटलं. खोलीत मशिनच्या पंख्याची घरघर तेवढी होती. आत्या पडद्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत दोन छोटे राखाडी चौकोन होते. किती वेळ गेला कोण जाणे.

“सोडा,” ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, “छान.”

घरी आल्यावर मी ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा हसून सांगितलं. आई मात्र हसली नाही. “त्यांनी तो शब्द टाकायला नको होता,” एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली. त्या रात्रीपासून मला झोप नीट येईना. मी स्वतःला समजावत होते की हे खूळ आहे. पण भीतीला कारण लागत नाही, आणि एकदा ती घरात शिरली की कोपरान्कोपरा तिचा होतो.

महिन्याभराने हॉस्पिटलमध्ये नवीन मशिन आलं. जुन्याच्या शेजारी ते मांडलं, आणि कंपनीचा माणूस ते चालवून दाखवायला आला. मी त्या दिवशी तपासणीला गेले होते, म्हणून आत्याने मला हाक मारली. “ये गं, तुझंच दाखवू. तू शून्य आहेस, बघायला बरं.” डॉक्टरीणबाईही होत्या. मी पुन्हा त्या कॉटवर पडले. त्या माणसाने प्रोब लावला आणि पडदा उजळला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आत्याच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला मी पाहिला. पहिल्या वेळी पडला होता त्याहून पुष्कळ जास्त.

“दोन,” तो माणूस सहज म्हणाला. “कदाचित जास्तच. ही बघा किडनी, काळपट. आणि हे लिव्हर. फरक डोळ्यांत भरतो की नाही?”

“मशिन चुकतंय,” आत्या म्हणाली.

“ताई, नवंकोरं आहे.”

“म्हणूनच चुकतंय. हिचं मी महिन्याभरापूर्वी पाहिलंय. शून्य होतं.” तिने मला हात देऊन उठवलं, चपला काढल्या आणि स्वतः कॉटवर चढली. “लावा माझ्यावर. मला माझं माहीत आहे. माझं उजळ दाखवलं तर मशिन परत न्या.”

तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मला हायसं वाटलं. त्या माणसाने प्रोब लावला. सवयीने तिने स्वतःच स्वतःला सांगितलं, “श्वास घ्या. धरा.”

पडदा पांढरा झाला.

तो माणूस बिचारा कधी पडद्याकडे, कधी त्या काडीसारख्या बाईकडे बघत होता. आत्या पडद्याकडे मान वळवून पडली होती आणि श्वास सोडत नव्हती. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी जुनं मशिन सुरू केलं.

“बाई, तुमची सकाळची चित्रं सगळी आहेत ना यात?”

आत्याने मान हलवली.

त्यांनी ती पहिल्यापासून लावली. एकामागून एक सकाळ. सगळ्यांवर एकच नाव, शून्य. पहिली चित्रं राखाडी होती, शेजारच्या किडनीशी मिळतीजुळती. दुसरं पहिल्यासारखंच, तिसरं दुसऱ्यासारखंच. पाण्यात दूध थेंबाथेंबाने पडावं तशी ती राखाडी फिकट होत गेली, आणि कुठल्याही दोन चित्रांत फरक दाखवता आला नसता. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबून धरलं. सकाळी धावायला लागल्या. शून्य, शून्य, शून्य, आणि आत्याचं यकृत आमच्या डोळ्यांदेखत पेटत गेलं. शेजारी किडनी प्रत्येक चित्रात होती. ती जागची हलली नव्हती, पहिल्यासारखीच काळपट राखाडी होती, आणि इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

त्या अंधारात मला दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. हल्ली अक्षरं बारीक छापतात. आत्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, कामात कसूर केली नव्हती. रोज डोळ्यांत तेल घालून ती आपल्याच लिव्हरकडे बघत होती, आणि ते सरकत होतं, आणि त्याच्याबरोबर तिचं शून्य सरकत होतं. मग समोर आलेल्या बाईचा अंक एक असो की दोन, लिव्हर आत्यासारखं दिसलं की छान. तिच्या ‘छान’वर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता, इतपत बाकावरच्या बायकांचं खरं होतं. त्यांना कारण माहीत नव्हतं, एवढंच.

“सोडा,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “बाई, श्वास सोडा.”

आत्याने सोडला. उठून बसली, पदराने जेल पुसलं. आजवर तिने कधी पदर वापरला नव्हता. “किडनी होती की शेजारी,” ती म्हणाली. “शेजारीच होती.” मग माझ्याकडे वळली आणि माझ्या पोटाकडे बघून तिचा चेहरा असा झाला की तो मला अजून दिसतो.

मला राग आला होता. हे मी लपवत नाही. भीती नंतर आली, आधी राग आला. मला म्हणायचं होतं, आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, तू तर आपलंच पाहत बसलीस. पण ती इतकी लहान दिसत होती त्या कॉटवर, की मी नुसत्या तिच्या चपला पुढे सरकवल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं, उजेडात. “घाबरण्यासारखं नाही,” म्हणाल्या, “पण लक्ष ठेवण्यासारखं आहे. एरवी आम्ही तुम्हाला एकदम पुढच्या महिन्यात बोलावलं असतं.” त्यांनी बीपीचं यंत्र घरी दिलं, लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. “डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, फासळ्यांखाली दुखलं, तर स्वयंपाक चुलीवर तसाच टाकून या.”

आत्याने त्याच दिवशी स्वतःचं काम थांबवलं. जुनी सगळी चित्रं दुसऱ्या गावच्या दोन डॉक्टरांकडे गेली. ते किडनीशी ताडून नव्याने अंक देणार होते. पण ज्या बायका अजून बाळंत व्हायच्या होत्या त्यांना थांबायला वेळ नव्हता. आत्या त्यांच्या घरी गेली. फोन करून भागलं असतं, पण तिला ते पटेना. भर उन्हात डोळे बारीक करून, भिंतीला धरून चालत ती दारोदार फिरली. ती दिवे का मालवते, त्याचं उरलेलं अर्धं मला तेव्हा समजलं. प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं, “मी तुम्हाला छान म्हणाले होते. ते धरू नका. पुन्हा तपासून घ्या.”

मनगट धरणाऱ्या बाईकडेही ती गेली. त्या बाईने दार उघडलं. पोट नव्हतं, आणि घरात बाळाचा आवाजही नव्हता. तिने आत्याला बघितलं आणि म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हाला.” मग दार लावून घेतलं. तिचा अंक बरोबर आला असता तर बाळ वाचलं असतं का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. आत्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण जेवताना मध्येच घास हातात तसाच ठेवून बसायची.

नवव्या महिन्याच्या तोंडाशी, दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवत असताना मला त्यांची दोन नाकं दिसली. मग चमकलं, काचेच्या कपाटात वीज शिरावी तसं. आधी मला वाटलं दिव्याचा काहीतरी घोटाळा आहे. दिवे मंद झालेत, अक्षरं बारीक छापतात! मी स्वतःशीच हसले, आजोबांना तसंच बसवलं आणि रिक्षाने थेट हॉस्पिटल गाठलं. बीपी इतकं होतं की नर्सने यंत्र बदलून पुन्हा घेतलं. लघवीतून प्रोटीन जात होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही.

बाळ त्याच दुपारी काढलं. पडद्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ओढल्यासारखं झालं, मग सगळं शांत झालं. मी आवाजाची वाट बघत होते आणि आवाज येत नव्हता. कुणीतरी चोळत होतं, कुणीतरी हळू बोलत होतं. मी श्वास धरला होता. मला ते कळतही नव्हतं. लहानपणीची ती सतरंजी आठवली, ते ठिपके, ती शिट्टी. माझ्या मनात एकच होतं, की कुणीतरी ‘सोडा’ म्हणायला पाहिजे आणि ती बाई बाहेर बसली आहे. मग पलीकडून एक बारीक, चिडका आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि मी रडायला लागले.

मुलगी. वजनाला कमी, पण ठणठणीत रागीट. थोडे दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग आमच्याबरोबर घरी आली. सातव्या महिन्यातलं ‘छान’ मी धरून बसले असते, तर त्या चमकण्याला चष्म्याचा नंबर समजून मी आजोबांचं बिल करत बसले असते. हे डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितलं.

नव्याने अंक आले. फरक होता. स्वच्छ, पहिल्या वर्षी होता तसाच. चरबीवाल्या बायकांना बीपी जास्त, शुगर जास्त, बाळं लवकर. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलं, आणि आधी काय चुकलं तेही लिहिलं. सकाळच्या मापासाठी आता रबराचा एक ठोकळा असतो. त्याला बिस्किटं खाता येत नाहीत, असं आत्या म्हणते. तिने बिस्किटं सोडली, गोड चहा सोडला, संध्याकाळी चालायला जाते. आणि नवीन मुली मशिन शिकायला आल्या की अजूनही आठवड्यातून एकदा त्या कॉटवर पडते. “बघा नीट,” म्हणते. “हे तीन. किडनीशी ताडा. माझ्या तोंडाकडे बघू नका, मी काडी आहे, माझ्यावरून काही कळणार नाही.”

एवढं सगळं झालं, पण माझ्या मुलीला ती काही बोलेना. घरी येणारा जो तो म्हणायचा, किती गोड, किती गुटगुटीत झाली. आत्या तिला मांडीवर घ्यायची, अंघोळ घालायची, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मला ते टोचायला लागलं. एका दुपारी मी मुद्दाम सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बाळ तिच्यापुढे धरलं.

“आत्या, बघ हिच्याकडे. छान आहे ना?”

तिने खूप वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, उजेडाने की कशाने कोण जाणे. “मला नको विचारूस,” म्हणाली. “डॉक्टरांना विचार.”

“डॉक्टरांना विचारलं. आता तुला विचारतेय.”

“आपलं माणूस मापाला धरू नये गं.” मग ती उठली, चपला घातल्या आणि खाली गेली. मला वाटलं, रुसली. खिडकीतून बघते तर काय, खालच्या घरातल्या बाईचं बाळ अंगणात होतं आणि आत्या त्याच्यावर वाकून उभी होती. त्याची मूठ उघडून बघितली, पापणी खाली ओढून बघितली, पोटावर हात ठेवून श्वास बघितला. ती बाई चक्रावून गेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं सगळं जग म्हणतं, आणि ही बाई दुसऱ्याचं कार्टं बघून आपला बाब्या ताडून घेत होती.

जिना चढून ती वर आली. माझ्या हातून मुलीला घेतलं, खिडकीशी नेलं, तेच सगळं केलं. मूठ, पापणी, पोट. उन्हात तिचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका नीट बघत होते.

“छान,” ती म्हणाली.

हाच शब्द मला हवा होता. मीच मागून घेतला होता. आणि तो कानावर पडताच माझ्या छातीत सगळं थांबलं. शिक्षिका, शिंपीण, ते बंद झालेलं दार. मी मुलीच्या पोटाकडे बघत राहिले, ते वर येतंय की नाही, खाली जातंय की नाही.

आत्याने मुलीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

“सोड,” ती म्हणाली.